कशावरून बाई

शाळेत त्यांना सगळे ‘कशावरून बाई’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून काढली. ते बंद पडलं तेव्हा त्या शाळेत भाषा शिकवायला लागल्या. मुख्याध्यापकांनी वर आणखी एक तास गळ्यात मारला: बातमी कशी लिहायची, कशी वाचायची आणि फोनवर येणाऱ्या कशाकशावर विश्वास ठेवायचा नाही. मुलांना वाटलं, चला, आरामाचा तास. पहिल्याच दिवशी एकजण पोटावर हात ठेवून उभा राहिला.

“बाई, पोटात दुखतंय. घरी जाऊ?”

“कशावरून?” बाईंनी विचारलं.

वर्ग खो खो हसला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या तासाला मुलं हळूहळू रंगायला लागली. बाई फळ्यावर एक फोटो चिकटवायच्या. पाण्यात बुडालेला रस्ता, गुडघाभर पाण्यातून सायकल ढकलणारा माणूस. “फोटो खरा आहे. पाणी खरं, माणूसही खरा. तरी बातमी खोटी आहे. कशी?” सगळे डोकी खाजवत बसायचे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी जागेवरूनच पुटपुटली, “पाणी आजचं नसेल.” ती मुलगी पुढे खरंच बातमीदार झाली. अडलं की अजूनही बाईंना फोन करायची.

बाई धाकट्या भावाकडे राहायच्या. खरं तर भाऊच त्यांच्याकडे राहायचा म्हटलं पाहिजे, कारण आईवडिलांमागे त्यांनीच त्याला वाढवलं. त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. भाऊ रंगाच्या कारखान्यात होता. नखांच्या कडांना कायम कुठला तरी रंग लागलेला असायचा. बायकोने भाजी छान झालीय का विचारलं की म्हणायचा, “मी छान म्हणेन गं, पण ताई पुरावा मागेल.” अलीकडे त्याने मिशी ठेवली होती. लेक तिला ब्रश म्हणायची, तरी त्याने काढली नाही.

कारखान्याला आग लागली त्या दुपारी बाई शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होत्या. भावजयीचा फोन आला. त्या घरी पोचल्या तेव्हा भावजय टीव्हीसमोर उभीच होती. लेकीला शेजारी पाठवलेलं. एक वाहिनी सगळे सुखरूप सांगत होती, दुसरी आकडे वाढवत होती. बाईंनी टीव्ही बंद केला. “यांना काही माहीत नाही. आपण थांबू.”

तेवढ्यात कामगारांच्या घरच्यांच्या ग्रुपवर फोटो आला. कारखान्याच्या पायरीवर भाऊ बसलेला, अंगावर घोंगडी, हातात पाण्याचा पेला. खाली लिहिलं होतं, वाचला. भावजय हसायला लागली आणि हसता हसताच मटकन खाली बसली. “बघा ताई, बघा.”

बाईंनी फोन हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला पोरगा जिवंत आहे. तेवढा एकच क्षण. मग सवयीने त्यांनी फोटो मोठा केला. ओठावर मिशी नव्हती. मागे घोंगडी पांघरून उभा असलेला एकजण दात काढून हसत होता.

भावजयीने पिशवीत नवऱ्याचा सदरा टाकला, चपला टाकल्या. “दवाखान्यात नेलं असेल. चला.”

“तू चपला घाल. मी एक फोन करते.”

बाल्कनीत जाऊन त्यांनी त्या जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती कारखान्याच्या फाटकाशीच होती.

“तो फोटो बघितलास?”

“बघितला, बाई. मागच्या वर्षी आगीची तालीम घेतली होती ना, तेव्हाचा आहे. आम्ही छापणार नाही.”

“आणि तो?”

पलीकडे बंबाचा आवाज येत राहिला. “मी घरी येऊ का, बाई?”

“घरच्यांना कळल्याशिवाय नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, बरोबर आहे तुझं. मी घरचीच आहे. सांग.”

“बाई, तो गेला.”

“कशावरून?”

ती रडत होती, पण शिकवल्यासारखं नीट बोलली. “गळ्यात ओळखपत्र होतं. आणि बरोबर काम करणाऱ्या दोघांनी ओळखलं. वेगवेगळं विचारलं मी दोघांना.”

बाईंनी कठडा धरला. आत भावजय कुलूप शोधत होती.

जिन्यात त्यांनी तिचा हात धरला. “खाली बस जरा.”

“रिक्षा मिळणार नाही, ताई.”

“तो फोटो आजचा नाही. तालमीचा आहे. बघ, मिशी नाहीये.”

भावजयीने फोन बघितला नाही. पिशवी छातीशी धरून ती पायरीवर बसली. म्हणाली, “मला दिसलं होतं. दिसलं म्हणूनच पुन्हा नाही बघितलं.” आणि मग, “दवाखान्यापर्यंत तरी जाऊ द्यायचं होतंत.”

फोटो टाकणारा कारखान्यातला कारकून नंतर घरी आला. लोकांना धीर यावा म्हणून जुन्यातला सापडला तो टाकला, नीट बघितलं नाही, असं सांगत ढसाढसा रडला. भावजयीने त्याला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. त्याच्यावर ती रागावली नाही. बाईंशी मात्र ती कामापुरतंच बोलायची. काही महिन्यांनी लेकीला घेऊन माहेरी निघून गेली. जाताना वाकून नमस्कार केला, पण वर बघितलं नाही.

बाई शाळेत पुन्हा रुजू झाल्या. तो तास त्यांनी सोडला नाही. एकदा एका मुलीने विचारलं, “बाई, खोटं आहे हे कळलं, तर दर वेळी सांगायचंच का?”

पूर्वी बाईंनी लगेच हो म्हटलं असतं. आता त्या खुर्चीवर बसल्या. “सांगायचं,” त्या म्हणाल्या. “पण ते सोपं असतं असं मी तुम्हाला कधी म्हटलं असेल, तर ते चुकलं.”

रविवारी त्या भावजयीच्या माहेरच्या नंबरवर फोन करतात. भाची उचलते. “आत्या, आई झोपलीय.” मागे भांडी विसळल्याचा आवाज येत असतो.

“बरं,” बाई म्हणतात, आणि शाळेत काय काय झालं ते तिला विचारत राहतात.