चैत्रापासून मोजलेला महिना

कोलोनला पीएचडी करत होते तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर एक नेपाळी स्वयंपाकी राहायचा. त्याची बायको गावी होती, गरोदर होती. तिला इकडे आणायचा फॉर्म घेऊन तो माझ्याकडे आला. त्याला जर्मन बोलण्यापुरतंच यायचं, आणि मी शिकलेली दिदी. लग्नाचा दाखला नेपाळीत होता, पण लिपी आपलीच. मी तोऱ्यात म्हटलं, "दे इकडे, मला येतं वाचता."

महिन्याच्या जागी नुसता दहाचा आकडा होता. मी बोटांवर चैत्रापासून मोजलं, पौष आला, आणि त्यावरून इंग्रजी तारीख काढून फॉर्मवर लिहिली. नेपाळचं वर्ष वैशाखात सुरू होतं. त्यांचा दहावा महिना माघ. समोर बसलेल्या माणसाला विचारायला माझं काय जात होतं? नाही विचारलं.

तिकडे जर्मन वकिलातीत बायकोने खरी तारीख सांगितली. दोघांच्या तारखा जुळेनात, तेव्हा आउसलेंडरबेह्योर्डेच्या, म्हणजे इथल्या परदेशी लोकांच्या कचेरीतल्या, बाईंना लग्नच खोटं वाटलं. मग खुलासे, नवे दाखले, पुन्हा अर्ज. दोन वर्षं गेली. तो मला एका शब्दाने बोलला नाही.

शेवटी मायलेकी आल्या, तेव्हा विमानतळावर मीही गेले होते. त्याने हात पसरले. मुलगी आईमागे लपली. आईने पुढे ढकललं तशी ती त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली, "काका."

तेवढा शब्द मला बरोबर कळला.