आबांचा घास आणि माझा कॅमेरा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते मी स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घेतला. धोंडा कसला, अख्खा डोंगर!

बसलेल्या पक्ष्याचा फोटो कुणीही काढतं हो. उडणाऱ्याचा काढून दाखवा! कित्येक महिने खपून माझ्याकडे काय जमलं होतं? कोपऱ्यात अर्धी शेपटी, विजेच्या तारा आणि आभाळ. इतकं रिकामं आभाळ अख्ख्या सुरतेत कुणाकडे नसेल! हजीऱ्याकडच्या खाडीवर पहाटेपासून बसले, तर बगळा उडाला तेव्हा लेन्सचं झाकणच काढायचं राहिलेलं.

कॉलेजच्या मित्रमंडळींची कच्छची सहल ठरली होती, खास पक्ष्यांसाठी. अट एकच. उडत्या पक्ष्याचा एक तरी स्पष्ट फोटो दाखवा, नाहीतर घरी बसा. आणि फोटो दाखवायचा शेवटचा दिवस नेमका आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, पित्तराचा!

पित्तराला आम्ही खान्देशी माणसं गच्चीवर पानात खीर-वडे ठेवतो. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. मला तर उकळ्याच फुटल्या. पक्षी स्वतःहून सुरतेतल्या बमरोलीत, आमच्या गच्चीवर येणार! मी पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले.

कावळा आला. मी बटण दाबून धरलं. खटखटखटखट! कावळा हवेतच वळला आणि गेला. फोटोत काय? काळा डाग.

"आबा रुसले वाटतं," पप्पा म्हणाले.

पुन्हा आला. खटखटखट! पुन्हा गेला. ऊन डोक्यावर आलं, खिरीवर साय धरली. समोरच्या गच्चीवरून सविताबेन ओरडल्या, "हजु कागडो नथी आव्यो?" जणू कावळ्याची गाडी लेट होती!

"माझ्या हातचं गोड लागत नसेल," आई पुटपुटली. "जिवंतपणी तरी कुठं लागलं!"

मग नाना पुढे झाले. नाना म्हणजे माझे थोरले काका. आमच्या घरात पंखा कितीवर ठेवायचा हेसुद्धा तेच ठरवतात. त्यांनी हात जोडले. "आबा, काय राह्यनं तुमनं? गावनं घर दुरुस्त करसूत!"

कावळा खाली झेपावला. खटखटखट! गेला.

"मी तंबाखू सोडतो, आबा," पप्पा रडवेले होऊन म्हणाले. खटखटखट! कावळा गेला. तंबाखू वाचली! पप्पांचा चेहरा असा काही खुलला की काय सांगू!

मी टाकीमागे दात-ओठ खात होते. ही माणसं गप्प बसली तर एक तरी फोटो मिळेल ना!

तेवढ्यात नाना गरजले, "आबा, ह्या पोरनं लगन दिवाळीनंतर पक्कं करी टाकसूत!"

माझं बोट बटणावरून सुटलं. कॅमेरा गळ्यात लोंबकळला. आणि कावळा? पंख पसरून, राजासारखा संथ उतरला हो! इतका सुंदर की मुद्दाम पोज देतोय असं वाटावं. पानावर बसला. एक वडा खाल्ला, दुसरा चोचीत धरून गेला.

सगळ्यांनी लोटांगण घातलं. आई डोळे पुसायला लागली.

"अहो, थांबा!" मी टाकीमागून धावत आले. "तो कॅमेऱ्याच्या आवाजाला घाबरत होता! आत्ता मी बटण दाबलं नाही, म्हणून आला!"

सकाळपासूनची सगळी उपाशी पोटं माझ्याकडे वळली.

नानांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग सावकाश मान डोलावली. "म्हणजे आबासले कॅमेराबी आवडत नही!"

या तर्कापुढे कुठली पदवी चालते, सांगा ना!

कॅमेरा नानांच्या कपाटात गेला. मित्रमंडळी कच्छला गेली. मी एकेका स्थळाची माहिती ऐकत घरी बसले.

कॅमेरा त्यानंतर एकदाच बाहेर निघाला, मुलाकडच्यांना पाठवायचा माझा फोटो काढायला. नानांनीच काढला. जन्मात पहिल्यांदा कॅमेरा हातात धरलेला माणूस! पहिल्याच क्लिकला केसन्‌केस स्पष्ट!

"दख, कितला भारी उना!" नाना खूश.

येणारच ना! मी कुठे उडत होते?