ऐनाच्या झाडाची जागा

आमच्या कॉलेजात कुणी हौसेनं येत नाही. प्रवेशाच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात, मुंबई-पुण्याची कॉलेजं हातची जातात, आणि मग माणूस निडीजवळच्या माळावरच्या ह्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात येऊन पडतो. मी पेणची प्रतिक्षा, तशीच येऊन पडले. राणीनं मात्र पहिल्याच फेरीत हे कॉलेज मागून घेतलं होतं. कॉम्प्युटरला सीट मिळत असताना वर सिव्हिल घेतलेलं. मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "डोक्यावर पडलीस का गो?" ती नुसती हसली.

तिचं घर कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या कातकरवाडीत. भिंतीला एक भगदाड होतं. तिथून शिरून मागचं ग्राउंड ओलांडलं की थेट वर्ग. वाडीतली माणसं, कँटीनवाला, आम्ही सगळे तिथूनच ये-जा करायचो. राणी तेवढी भर उन्हात डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा घालून पुढच्या गेटातून यायची. मुलं म्हणायची, मॅडमना मोठ्या गेटाशिवाय चालत नाही. मीही म्हणायचे. माझी जीभ काही कमी नाही.

दुसऱ्या वर्षी सर्व्हेचं पहिलं प्रॅक्टिकल त्याच ग्राउंडवर लागलं. राणीनं कडेलाच बूट काढले आणि अनवाणी आत पाऊल टाकलं. शरद सर खेकसले, "बूट घाल आधी! काही चावलं तर उत्तर कोण देणार?" ती मान खाली घालून उभी राहिली, पण बूट काही घालेना. सरांनी तिला बाहेर काढलं. तिच्यामुळं आमच्या गटाचं प्रॅक्टिकल बुडालं, म्हणून मी भांडायलाच तिच्या मागं गेले.

"तिथं माझा भाऊ हाय," ती म्हणाली.

माझं भांडण तिथंच संपलं.

भावाचं नाव जनू. राणी स्वतःच लहान असताना तो तापानं गेला. हा सगळा माळ तेव्हा वाडीची मसणवट होता. जनूला एका ऐनाच्या झाडाखाली पुरलं, वर दगड रचले. दर सर्वपित्रीला तिची आई आवडी तिथं भात आणि सुकी मासळी ठेवायची. मग जमीन विकली गेली, मशीन आली, माळ सपाट झाला. झाड गेलं, दगड भरावात गेले. ज्यांची म्हातारी माणसं तिथं होती त्यांनी लांबून हात जोडले आणि मन घट्ट केलं. आवडीला ते जमेना. मोकळं तेवढं मागचं ग्राउंडच उरलं होतं, म्हणजे जनू तिथंच कुठंतरी असणार. पण नेमका कुठं? भात कुठं ठेवायचा?

तिन्हीसांजेला आवडीला भिंतीपलीकडून 'आये' अशी हाक यायची. राणीलाही यायची. तो तिला 'बाय' म्हणायचा.

"आये म्हणते, त्याला त्याची जागा घावत नाय, म्हणून तो फिरतो," राणी म्हणाली. "जागा शोधायचं शिकवतात ना सिव्हिलला? म्हणून घेतलं."

मला हसू यायला हवं होतं. अंगावर काटा आला.

जागा शोधायचं खरंच शिकवतात. तिपाईवर फळा ठेवायचा, त्यावर कागद लावायचा. एका ठिकाणाहून खुणेकडं नेम धरून रेघ मारायची, मग दुसऱ्या ठिकाणाहून मारायची. रेघा छेदतात तिथं ती खूण. राणीनं शरद सरांकडं वाडीचा नकाशा करायची परवानगी मागितली. सरांना वाटलं, पोरगी सुधारली. आवडीला आम्ही तिच्या दारात उभं केलं. झाड दिसायचं तर कुठं दिसायचं? तिनं डोळे मिटले आणि बोट केलं. दारातून पाहिलं की ऐन बरोबर डोंगराच्या खिंडीखाली. विहिरीवर पाणी भरताना पाहिलं की काळ्या कातळाच्या पुढ्यात. खिंड आणि कातळ अजून होते तिथंच होते. आवडी घाईनं चुलीकडं वळली. तिला जनूसाठी भात टाकायचा होता.

पहिली रेघ ग्राउंडवरून गेली. मग दुसरी विहिरीवरून मारली. रेघा ग्राउंडवर छेदतच नव्हत्या. त्या ग्राउंड पार करून, इमारत पार करून पुढं गेल्या. भिंत, इमारत, गेट आम्ही आधीच कागदावर मांडलं होतं. रेघा छेदल्या त्या गेटाच्या आत, फरशीच्या वाटेवर.

जनूच्या अंगावर पाय पडू नये म्हणून राणी इतके दिवस वळसा घालत होती, आणि रोज त्याच्याच अंगावरून वर्गात जात होती.

आम्ही पुन्हा नेम धरला. पुन्हा तेच आलं. राणीनं कागद फळ्यावरून काढून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "आयेला सांगू नको गो."

ती आवडीला ग्राउंडच्या एका कोपऱ्यात घेऊन गेली. करंजाच्या सावलीत एक दगड ठेवला आणि म्हणाली, "हितं." आवडीनं भात ठेवला, दगडावरून हात फिरवला आणि मोठ्यानं रडली. मी जवळ उभी होते. इतकं खोटं रडणं पाहिलंय मी, पण ते खरं होतं आणि जागा खोटी होती. त्या सांजेपासून आवडीला हाक यायची थांबली.

राणीला थांबली नाही. आता ती हाक भिंतीपलीकडून येत नसे, गेटातून यायची. राणी भगदाडातून यायला लागली. मीही गेटाकडून जायचं पुरतं सोडलं. एकदा संध्याकाळी मी मुद्दाम गेटाजवळ रेंगाळले. मला काही ऐकू आलं नाही. पण ऐकायला मी थांबले होते, हे खरं.

पदवी घ्यायच्या दिवशी आवडी नवं लुगडं नेसून आली. तिला गेटातूनच यायचं होतं, सगळ्यांच्या आयांसारखं. फरशीच्या वाटेवर राणीनं तिचा दंड धरून तिला एकदम बाजूला ओढलं.

"काय गो?"

"काय नाय आये. चिखल हाय."

मे महिना होता. फरशी तापून पांढरी पडली होती. आवडीनं वाटेकडं पाहिलं, मग मान वळवून डोंगराच्या खिंडीकडं, मग राणीच्या तोंडाकडं. वाकून तिनं पायांतल्या चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि त्या तापल्या फरशीच्या कडेकडेनं अनवाणी आत गेली.