दीड मिनिटाचं गाणं

कुठल्याही लग्नाच्या सुपारीला निघण्याआधी आमच्या बेंजो पार्टीचे मालक अण्णा हजेरी घेत. तिसगावच्या स्टँडजवळ टेम्पो उभा, वर स्पीकर बांधलेले, आम्ही सगळे समोरच चढून बसलेले, तरी हा माणूस खाली उभा राहून एकेका वाद्याचं नाव पुकारणार. "ढोल?" "हाय." "ताशा?" "हाय." "प्याड?" प्याड म्हणजे ऑक्टोपॅड, म्हणजे मी. मी बी.एड. करून नोकरीच्या नावाने बोंब असलेला माणूस; माझ्या तोंडून सुरुवातीला 'आहे' निघायचं. अण्णांना ते चालत नसे. "हाय म्हन, मास्तर. आहे म्हनलं की शाळेत बसल्यावानी वाटतंय." शेवटी ते आपल्या बेंजोवर टिचकी मारून "बेंजो हाय" म्हणत आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसत.

आमच्या पार्टीत बेंजो म्हणजे जीव. टाइपरायटरसारखी बटणं डाव्या हाताने दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. गाण्यातले शब्द बेंजोच 'म्हणतो', बाकी आम्ही नुसते बडवणारे. अण्णांचं वय पंचावन्नच्या पुढे, अंगावर कायम पांढरा शर्ट, खिशात मोबाईल. नवीन गाणं बसवताना मोबाईल कानाला, डोळे मिटलेले आणि डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चाललेली. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा फोनवर भांडण ऐकतोय.

जपानी गाणं त्यांच्या आयुष्यात आणलं मनीषाने. मनीषा त्यांची एकुलती एक मुलगी, नगरला कॉलेजात होती. सुट्टीत घरी आली की मोबाईलवर जपानी कार्टून बघत बसायची. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक रॉक बँड गळा फाडून गायचा. एक दिवस अण्णांनी तिच्या हातातला मोबाईल घेऊन स्वतःच्या कानाला लावला.

"हे कार्टून चांगलं हाय की गं."

"कार्टून नाही पप्पा. ॲनिमे."

"आनि मे?" अण्णा म्हणाले. "आपला तर सीझनच एप्रिल आनि मे."

ती हसून हसून लोळली. मग म्हणाली, "माझ्या लग्नात हेच वाजवायचं. आणि तुम्हीच वाजवायचं." अण्णांनी मान हलवली. त्यांच्या लेखी ती सुपारी ठरली.

ते गाणं बसवायला त्यांनी दोन सीझन घेतले. त्या गिटारचा खरखरीत आवाज बेंजोतून निघेना. मग एकदा त्यांनी तारांखाली शिवणाचा दोरा सरकवला आणि तारा झणझणायला लागल्या. त्या दुपारी त्यांनी आम्हाला चहा पाजला. गाण्यात मधेच एक जागा होती. सगळी वाद्यं एकदम थांबायची, दोन ठोके शांतता, आणि मग बँडमधली पोरं एका सुरात ओरडायची, "हाय!" अण्णा खूश. "बगा, तेबी हजेरी घेत्यात!" मनीषाने समजावलं, की जपानीत हाय म्हणजे हो. अण्णा म्हणाले, "मग काय येगळं हाय? जे हाय, त्यालाच हो म्हनत्यात."

त्यांना वाटे की गाणं तेवढंच, दीड मिनिटाचं. मी शोधून काढलं, की पूर्ण गाणं चार मिनिटांचं आहे आणि कार्टूनच्या आधी नुसता तुकडा लावतात. शहाणपणा करून त्यांना सांगितलं. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "राहिलेलं त्यांचं त्यांना ऱ्हाऊ दे, मास्तर. माझ्या पोरीनं मला येवढंच दिल्यालं हाय."

राहात्याच्या एका मिरवणुकीत आम्ही ते पहिल्यांदा वाजवलं. पोरांनी धुरळा उडवला. त्या थांब्याला आम्ही टेम्पोवरून "हाय!" केलं आणि गाणं पुन्हा वाजवलं तेव्हा अख्खी मिरवणूक ओरडली. एका म्हाताऱ्याने अण्णांना विचारलं, "कंच्या देवाचं म्हनायचं हे?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "जपानच्या."

मग मनीषाचं लग्न ठरलं आणि घरात वाद पेटला. आमच्याकडे नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत येते आणि मुलीचा बाप मांडवाच्या दारात वऱ्हाडाची वाट बघत उभा असतो. अण्णांचा मेहुणा तावातावाने आला. "पोरीचा बाप व्याह्याच्या म्होरं वाजवीत येनार व्हय? लोकं काय म्हनतील?"

"लोकं काय म्हनतील? लोकं नाचतील," अण्णा म्हणाले. "मी वाजवीत येतो, टेम्पोतून उतरतो आनि दारात हुबा ऱ्हातो. दीड मिनिटाचं तर काम हाय." मेहुणा दोन वेळा उठून गेला, दोन वेळा परत आला. अण्णा हलले नाहीत.

लग्नाला महिना असताना अण्णा गेले. सकाळी ओट्यावर बसले होते, मोबाईल कानाला. चहा घेऊन आलेल्या मनीषाला वाटलं ऐकतायत. बातमी आली तेव्हा मी पॅडच्या वायरीला चिकटपट्टी लावत होतो. ती मी पूर्ण लावली. टोक कापलं. मग गेलो. लोक रडत होते, मी त्यांच्यात उभा होतो. मला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

लग्न वर्षाच्या आत नाही केलं तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून सगळ्यांनी तीन महिन्यांनी उरकायचं ठरवलं. वाजंत्री नको, मिरवणूक नको. मनीषा म्हणाली, "एक गाणं वाजेल." मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती येळाचं?"

"दीड मिनिट."

त्याने उठून टेम्पोच्या ड्रायव्हरला फोन लावला.

आम्ही मांडवाच्या दारात टेम्पो लावला. बेंजो नेहमीच्या जागी ठेवला होता, तारांखाली दोरा तसाच. वाजवणारा कुणी नव्हता. दुसऱ्या पार्टीचा माणूस आणायचं कुणाच्या तोंडून निघालं नाही. मनीषा शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बाहेर आली आणि खाली उभी राहिली.

"ढोल?"

"हाय."

"ताशा?"

"हाय."

"प्याड?"

"हाय," मी म्हणालो.

"बेंजो?"

तिने थोडं थांबून हात केला, वाजवा.

आम्ही वाजवलं. बेंजोशिवाय त्या गाण्यात काही नव्हतं, नुसतं बडवणं. शब्दांच्या जागा रिकाम्या जात होत्या आणि मी ठेका धरून होतो. जमलेले लोक एकमेकांकडे बघत होते, हे कुठलं गाणं कुणालाच कळेना. माझे हात बरोबर पडत होते. तेवढंच माझं काम होतं.

मग तो थांबा आला. सगळं एकदम बंद. एक ठोका, दुसरा ठोका. आमच्यातल्या कुणाचं तोंड उघडलं नाही.

खालून मनीषा ओरडली, "हाय!"

पुढचा ठेका माझा होता. मी चुकलो.