खदानीतला पिवळा दगड

२०१६ साली माझी बदली उधव्याच्या शाळेत झाली. शिकवायचं विज्ञान, राहायला भाड्याची एक खोली. आठवडा शाळेत जायचा, पण रविवार अक्षरशः अंगावर यायचा! तोंड उघडायला निमित्त हवं म्हणून भाजीवालीशी उगाच हुज्जत घालायची मी.

पलीकडच्या पाड्यावरची एक मावशी दगडाच्या खदानीत कामाला होती. एका रविवारी पदराच्या गाठीत दगड बांधून आली. काळ्या पाषाणाच्या पोकळीत पिवळेधमक कण चमकत होते. "बाई, तुम्ही सायन्सच्या ना? सोनं हाय का बघा."

"राहू दे इथे, बघते," म्हटलं.

ती गेल्यावर चहाचा कप पालथा केला आणि बुडाच्या खरखरीत कडेवर दगड घासला. सोन्याची रेघ पिवळी उठते. ही हिरवट काळी उठली. झालं! लोखंड आणि गंधक. सोनं जमिनीत बहुधा सुटंच सापडतं, कोणात फारसं मिसळत नाही. लोखंडाला मात्र एकटं राहवत नाही. गंधक म्हणा, प्राणवायू म्हणा, कोणाला तरी धरून बसतं. वर्गात हे मी घडाघडा सांगायची.

मावशीला नाही सांगितलं. सांगितल्यावर ती परत कशाला आली असती? "अजून तपासतेय," म्हणत राहिले, आणि ती दर रविवारी येत राहिली. कधी चार चिकू आणायची, पावसात शेवळांची रानभाजी. पहिल्यांदा मी शेवळं त्यांची खाज मारणारी आंबट काकडं न घालताच शिजवली आणि घसा धरून बसले, तेव्हा पोट दुखेस्तोवर हसली. "एवढं शिकलात नि शेवळाची भाजी येत नाय!" किती बरं वाटलं होतं मला.

दिवाळी झाल्यावर म्हणाली, "पोरीचं लगीन ठरतंय. याच्यात दोन मणी तरी होतील ना?"

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग इतके महिने का नाय बोललात?"

"तुम्ही यायच्या बंद झाला असतात, मावशी."

चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. "म्हंजे मी दगडापायी येत होते?" एवढंच म्हणाली. आणलेले चिकू ठेवले आणि गेली.

पुढच्या रविवारी दुपारपर्यंत वाट पाहिली, मग मीच पाड्यावर गेले. मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघितलं, सूप उचललं आणि आत गेली. थोड्या वेळाने लेक बाहेर आली.

"आई घरी नाय," म्हणाली.