वजिरापुढचे प्यादे

काल क्लबातील ज्येष्ठांच्या बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या डावात वसंतरावांचा हात नेहमीप्रमाणे राजापुढच्या प्याद्याकडे गेलाच नाही. त्यांनी वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले आणि माझी महिनाभराची तयारी पहिल्याच चालीत निकामी झाली. त्यांचे तीस वर्षांतले डाव मी संगणकात भरले होते. त्यांच्या प्रत्येक सुरुवातीला उत्तर तयार होते. तयारीचा सुगावा लागू नये म्हणून मी त्यांच्या घरी जाणेही टाळले होते.

“आज हे कुठून काढलंत?” मी हळूच विचारले.

“आमची ही महिनाभर अंथरुणाला खिळून आहे. वेळ जावा म्हणून तिला खेळ शिकवला. तिला हेच प्यादं आधी ढकलायला आवडतं,” ते म्हणाले. “तुम्ही काही फिरकला नाहीत. संगणकाशी सोयरीक जुळली म्हणे?”

यंत्राने मला तीस वर्षांतला माणूस अचूक दाखवला. या महिन्यातला माणूस त्याला ठाऊक नव्हता. तो दोन गल्ल्या पलीकडे राहत होता आणि मला तेथे जाण्यास कोणी मनाई केली नव्हती.

मी मान खाली घालून खेळत राहिलो. वहिनी कशा आहेत, हे मी डाव हरल्यावर विचारले.