गावपळणीतलं कुलूप

घर खाली करायची नोटीस आली तेव्हा मला वाटलं, महिनाभरात आमचं सामान रस्त्यावर येणार. आचऱ्यातल्या या भाड्याच्या घरात आम्ही नवरा-बायको अकरा वर्षं राहतोय. पडवीत माझं शिलाई मशीन, आणि ब्लाऊज शिवून घ्यायला अख्खी वाडी याच पडवीत येते. दुसरीकडे जायचं तर कुठे? जो तो घर पर्यटकांसाठी राखून बसलाय. नोटिशीत लिहिलं होतं, मालकांना घर स्वतः राहण्यासाठी हवंय. मुंबईत मुलाकडे मजेत असलेला माणूस इथे कशाला राहायला येतोय! मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ शिव्या घातल्या.

मालवणच्या वकिलांनी आधी मला पाणी दिलं. म्हणाले, "नोटीस म्हणजे निकाल नव्हे. मालक आता दावा लावतील. तुम्हाला समन्स येईल, तुम्ही आपलं म्हणणं द्याल, पुरावे होतील, मग निकाल. तो विरुद्ध गेला तर अपील आहे. अगदी शेवटी कोर्टाचा हुकूम घेऊन बेलिफ येतो. तोवर ताबा तुमचा. फक्त चावी देऊ नका आणि मालकांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका."

ताबा हा शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. बाजारात निघाले तरी अर्ध्या वाटेवरून परत यायची. दावा लागला, समन्स आलं, एक तारीख झाली, आणि देवळात कौल झाला की यंदा गावपळण.

आमच्या गावाची ही रीत आहे. काही वर्षांनी ग्रामदैवताचा कौल होतो आणि अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. गावात चिटपाखरू उरत नाही. इतरांना त्याची कोण मजा, मला मात्र एकच घोर. घर रिकामं असताना मालकांनी कुलूप बदललं तर? वकिलांना फोन केला तर ते हसले. "कुलूप तुमचं, सामान तुमचं. तीन दिवस बाहेर गेल्याने ताबा जात नाही. कुणी जबरदस्तीने काढलंच, तर सहा महिन्यांच्या आत कोर्टात दाद मागता येते." दाद मिळेपर्यंत मी झोपायचं कुठे, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

"मी रवतंय घरात," मी नवऱ्याला म्हटलं.

"खुळी काय गो तू?" तो म्हणाला. "वकिलाच्या नोटिशीक जबाब देऊक येता. देवाच्या नोटिशीक खंयचो जबाब?"

मी दाराला दुसरं कुलूप लावलं, खोल्यांचे फोटो काढले आणि निघाले. वेशीबाहेर झावळ्यांची खोपटी उभी राहिली होती. आमच्या शेजारच्या खोपटात बघते तर मालक! गावपळणीसाठी मुंबईहून आले होते. माझा जीव भांड्यात पडला. माणूस डोळ्यांसमोर असला की कुलूप शाबूत. दिवसभर मी त्यांच्यावर नजर ठेवून होते.

ते एकटेच होते आणि त्यांना चूल काही पेटेना. शेवटी दुसऱ्या दिवशी मीच पेज आणि सुकटाची चटणी नेऊन दिली. खाता खाता म्हणाले, "बायको गेल्यापासून झिलाच्या हॉलात झोपतंय गो. सगळे उठायच्या आधी गादी गुंडाळूची लागता." म्हणजे नोटिशीत लिहिलेलं खरं होतं. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. खोटारड्या मालकाशी मी भांडले असते, याच्याशी कशी भांडणार?

चौथ्या दिवशी कौल होऊन गाव परतला. मालक आमच्याबरोबरच चालत आले, माझी कोंबड्यांची डाली त्यांच्याच हातात. मी दोन्ही कुलपं काढली. त्यांनी डाली अंगणात ठेवली, चपला काढल्या आणि विचारलं, "येव काय आत?"

त्यांचंच घर. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. "काकानू, हयच थांबा. पाणी हाडतंय."

अंगणात उभ्याउभ्याच पाणी पिऊन त्यांनी तांब्या पायरीवर ठेवला, चपला घातल्या आणि ते एसटी स्टँडकडे गेले.

वकील म्हणाले, बरं केलंत. केस अजून चालू आहे, ताबा अजून माझ्याकडे आहे. रोज सकाळी गादी गुंडाळायला वाकते तेव्हा मात्र हात चालत नाहीत.